मुशी आणि माहेरवाशीण

ग्रंथांचें परीक्षण करण्याची रूढि आपल्याकडे चांगली रुजली आहे. परंतु ज्या शब्दांनीं लोकांचें मन वळविलें जातें त्या शब्दांचें परीक्षण क्वचितच होतें. एखादें प्रवचन, एखादें पथनाट्य, प्रदर्शनाच्या भिंतीवरील चार ओळी, यांचा परिणाम कधीं कधीं ग्रंथाहूनहि मोठा असतो. म्हणून मुशी आणि पाकट या माशांच्या रक्षणाचा विषय आम्हीं या पानांत आणिला, तर वाचकांनीं तो अस्थानीं समजूं नये. हा प्रश्न जितका माशांचा आहे तितकाच भाषेचाहि आहे.

नवी मुंबईंत ऐरोलीच्या खाडीकांठीं शासनाच्या कांदळवन कक्षाचें किनारी व सागरी जैवविविधता केंद्र आहे. फ्लेमिंगो पाहावयास निघालेली मंडळी तेथूनच होडींत बसतात. समुद्राविषयीं लोकशिक्षण करणाऱ्या अशा संस्थेपुढें दोन प्रकारचा श्रोता असतो. नव्या वसाहतींतील मुलाला ‘शार्क’ हा शब्द ठाऊक असतो, ‘मुशी’ नसतो. जुन्या कोळीवाड्यांतील आजीबाईंना मुशी हाताच्या स्पर्शानें ओळखतां येते, पण शार्क म्हणजे तीच, हें त्यांना कोणीं सांगितलेलें नसतें. मुंबईची मुशी मालवणांत व गोव्यांत मोरी होते. पाकट तिकडे वागळी होते. इतकीं नांवें घरांत असतां आपण परक्या शब्दाचा आश्रय केला, आणि त्या शब्दाबरोबर त्याचें भयहि पत्करलें.

हें भय मुख्यतः वाङ्मयानें निर्माण केलें आहे. पीटर बेंचले यांची ‘जॉज’ ही कादंबरी १९७४ सालीं निघाली व १९७५ सालीं तिचा चित्रपट झाला. नरभक्षक शार्कची ती प्रतिमा जगभर इतकी ठसली कीं पुढें खुद्द लेखकालाच पश्चात्ताप झाला, आणि उत्तर आयुष्यांत त्यानें या माशांच्या रक्षणासाठीं लेखणी झिजविली. वस्तुस्थिति अगदीं उलट आहे. १९७० पासून २०१८ पर्यंत खुल्या महासागरांतील शार्क व पाकट यांची संख्या सुमारें ७१ टक्क्यांनीं घटली, असें २०२१ सालीं प्रसिद्ध झालेलें संशोधन सांगतें. त्याचें मुख्य कारण बेसुमार मासेमारी हेंच होय. भक्षक कोण आणि भक्ष्य कोण, याचा निवाडा वाचकांनींच करावा.

भयाची प्रतिमा पुसून तिच्या जागीं दुसरी प्रतिमा बसविण्याचा एक प्रयोग आपल्या शेजारीं गुजराथेंत झाला, आणि आमच्या मतें तो वाङ्मयदृष्ट्याहि अभ्यसनीय आहे. व्हेल शार्क हा जगांतील सर्वांत मोठा मासा. बारा मीटरांहून अधिक लांबीचा, पण सूक्ष्म जीवांवर जगणारा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर यकृताच्या तेलासाठीं व मांसासाठीं त्याची मोठी शिकार होत असे. माइक पांडे यांनीं आपल्या चित्रपटांतून ती उघडकीस आणिली व २००१ सालीं कायद्यानें या माशाला संरक्षण मिळालें. परंतु राजपत्र होडीपर्यंत पोंचत नाहीं. २००४ सालीं जी मोहीम निघाली तींत रामकथाकार मोरारी बापू यांनीं या माशाला बाळंतपणासाठीं माहेरीं येणाऱ्या लेकीची उपमा दिली. मासा ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाला. ज्या कोळ्यांनीं त्याला मारलें होतें तेच स्वतःचें जाळें कापून त्याला सोडूं लागले, आणि असे मासे शेंकड्यांनीं सुटले.

या उपमेचें मर्म काय? आपल्या साहित्यशास्त्रांत ज्याला औचित्य म्हणतात तें येथें पूर्णपणें साधलें आहे. श्रोत्याच्या घरांत जें आधींच पवित्र होतें त्यालाच तिनें हात घातला. शिवाय फाटलेल्या जाळ्याची भरपाई शासनानें देऊं केली. म्हणजे रूपकाला रुपयाची जोड मिळाली. महाराष्ट्रांतहि संरक्षित प्राणी सोडतांना कापलेल्या जाळ्याबद्दल २०१८ पासून भरपाई मिळते. भरपाई देण्यांत आपण गुजराथेच्या मागें नाहीं. मागें आहों तें उपमेंत.

तथापि हीच उपमा जशीच्या तशी उचलावी, असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. तिच्यांत दोन दोष आहेत. पहिला सत्याचा. १९९५ सालीं तैवानजवळ पकडलेल्या एका मादीच्या उदरांत सुमारें ३०० पिलें सांपडलीं. त्यावरून हा मासा पिलांना जन्म देतो हें ठरलें. पण तीं कोठें जन्मतात, हें शास्त्राला अद्यापि पुरतें उमगलेलें नाहीं. जें माहेर हृदयाला पटलें तें संशोधकाला अजून शोधावयाचें आहे. लोकशिक्षकानें रूपक खुशाल वापरावें. मात्र तें सिद्धान्त म्हणून सांगूं नये.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. पाहुणीविषयींची करुणा ताटांतल्या माशापर्यंत पोंचत नाहीं. आपल्या बाजारांत नित्य येणारी लहान मुशी, शास्त्रांतली स्कोलिओडॉन, हिला प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं पिढ्यान् पिढ्या मेजावर चिरून पाहिली, आणि घरीं येऊन तिचेंच कालवण खाल्लें. दोन्ही एकच, हें किती जणांच्या ध्यानांत आलें असेल? तिला कोणी माहेरवाशीण म्हणणार नाहीं, आणि म्हणूंहि नये. २००१ च्या जुलैंत सर्वच शार्क व पाकट संरक्षित ठरविले गेले. कोळ्यांच्या उपजीविकेवरच घाला आल्यानें डिसेंबरांत ती यादी अवघ्या दहा जातींवर आणावी लागली. सर्वांना एका शब्दांत कोंबण्याचा हा परिणाम होय. लहान मुशी लवकर वयांत येते. हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी वयांत येण्यास अनेक वर्षें लागतात. पहिलीच्या बाबतींत मर्यादा हवी, दुसरीच्या बाबतींत अभय.

यासाठीं मराठीला माहेराहून वेगळी उपमा हवी, आणि ती कोळ्याच्या व्यवहारांतच आहे: मुद्दल आणि व्याज. सावकाराचा अनुभव घेतलेल्या माणसाला, व्याजावर जगावें, मुद्दलाला हात लावूं नये, हें शिकवावें लागत नाहीं. जो समाज नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होडी लोटतो, त्याला समुद्राला विसांवा देण्याची कल्पना परकी नाहीं. ससून डॉकवर पहांटे मुशी मोजणाऱ्या, तिची लांबी व उदरांतील पिलें टिपणाऱ्या संशोधकानें लॅटिन नांवाशेजारीं टोपलीवाल्या बाईनें सांगितलेलें नांवहि टिपावें. तें नांव पुस्तकांत आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर आलें, तरच ऐरोलीला आलेला मुलगा आणि त्याची आजी एकाच माशाविषयीं बोलूं लागतील.

गुजराथच्या उपमेनें एका माशाला वांचविलें, हें तिचें यश निर्विवाद आहे. पण करुणा पाहुण्याला पुरते; शेजाऱ्याला न्याय लागतो. मुशी आपली शेजारीण आहे.