चिन्ह बदला

मला कोणी ‘अभिप्रायार्थ’ पुस्तके पाठवत नाही. त्यामुळे ज्या पुस्तकाचे परीक्षण मी आज करणार आहे, ते मला रोख पैसे मोजून घ्यावे लागले. नववीच्या गणिताचे हे मार्गदर्शक. लेखक-प्रकाशकांची नावे देत नाही. पुढच्या वर्षी दहावीचे मार्गदर्शकही बहुधा त्यांचेच घ्यावे लागेल, उगाच वैर कशाला?

प्रकरण निर्देशक भूमितीचे, आणि त्यातलेही एकच पान : ‘बिंदूचे अक्षातील परावर्तन’. वाङ्मयीन दृष्टीने पान सुमार आहे. पात्रे अ, ब, क, ड. एकालाही स्वभाव नाही. कथानक एवढेच की, अ उठतो, अक्ष ओलांडतो आणि पलीकडे जाऊन बसतो. का गेला, कुणाशी भांडला, काही पत्ता नाही. पानाच्या मध्यभागी एक चौकट, आणि चौकटीत ठळक टाइपात हुकूम : एक्स-अक्षात परावर्तन असेल तर वायचे चिन्ह बदला, वाय-अक्षात असेल तर एक्सचे चिन्ह बदला. (आमच्या वेळी ‘क्ष-अक्ष’ म्हणत. वर्गात चार मुलांनी एकदम म्हटले की मास्तर रुमाल काढत.) खाली पंधरा उदाहरणे. संपले पान.

नियम खरा आहे, हे आधीच कबूल करतो. (३, २) चे एक्स-अक्षातले प्रतिबिंब (३, −२) हेच. तक्रार नियमाबद्दल नाही, तो ज्या तोऱ्यात येऊन बसतो त्याबद्दल आहे.

आणि ही तक्रार करण्याचे कारण आमची नात. घटक चाचणीत या पानावर दहा प्रश्न आले, तिला तीन गुण पडले. घरी येऊन म्हणाली, “आबा, मी ढ आहे. दहावीनंतर मी गणित नसलेलीच बाजू घेणार.” रडली असती तर मी भेळ आणून मिटवले असते. पण रेशन कार्डावरचे नाव सांगावे तितक्या शांतपणे तिने ते सांगितले. चौदाव्या वर्षी माणसाने स्वतःबद्दल इतके ठाम मत बाळगणे बरे नव्हे. मी अजून बाळगलेले नाही.

मी उत्तरपत्रिका मागून घेतली. सात चुका, आणि सातही एकाच घराण्यातल्या. एक्स-अक्ष म्हटले की पोरीने एक्सचेच चिन्ह बदललेले, वाय म्हटले की वायचे. ढ मुलगा सात चुका सात तऱ्हेने करतो, हे मी स्वानुभवाने सांगू शकतो. हिने फक्त नावावर विश्वास ठेवला होता. नाव एक्सचे आणि बदलायचे मात्र वायचे! अर्ज एका खिडकीवर द्यायचा आणि शिक्का दुसऱ्या खिडकीवर घ्यायचा, हे समजायला माणसाने निदान दहा वर्षे कचेरीत घालवावी लागतात. नववीतल्या मुलीला हे कोणी तरी सांगायला हवे की नको? चौकट सांगत नाही. चौकट म्हणते, बदला.

मी तिला घेऊन नगर-मनमाड रस्त्यावर गेलो. जिल्ह्याचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले तरी रस्ता लोकांच्या तोंडी नगर-मनमाडच आहे. एका टोकाला मनमाड म्हणजे उत्तर, दुसऱ्या टोकाला नगर म्हणजे दक्षिण. म्हटले, “हा तुझा वाय-अक्ष. हाच आरसा. आता बघ, अलीकडे रस्त्यापासून पन्नास पावलांवर एक लॉज आहे. त्याचं प्रतिबिंब कुठे?”

“पलीकडे पन्नास पावलांवर.”

“आणि मनमाड?”

“ते होतं तेवढंच लांब.”

“मग बदललं काय?”

ती जरा थांबली. “फक्त बाजू. म्हणजे एक्स.” आणि मग एकदम, “आबा, आरसा वायचा म्हणून वाय तसाच राहतो!”

तिथे खरोखरच पलीकडे लॉज होते. शिर्डीत अलीकडे ‘साई’ने सुरू होणारी पाटी असली की पलीकडेही असतेच. दोन्हींत भाड्याचे चिन्ह तेवढे बदलत नाही, ते दोन्हीकडे धनच.

येताना तिने मला चरण समजावून सांगितले. शिर्डीत या शब्दाला एकच अर्थ आहे आणि त्यासाठी लोक तासन्‌तास रांगेत उभे राहतात. आलेख कागदावर मात्र चरण चार. पहिल्यातला बिंदू एक्स-अक्षात परावर्तित केला की थेट चौथ्यात.

एवढे झाल्यावर मी परीक्षण आटोपते घेणार होतो. पण अकरावे उदाहरण आडवे आले. बिंदू (४, ०), परावर्तन एक्स-अक्षात.

“आबा, शून्याचं चिन्ह काय बदलू?”

इथे चौकटीने मौनव्रत धरले आहे. वजा शून्य लिहावे तर वेडेपणा, न लिहावे तर हुकूमभंग. खरे तर मार्गदर्शकावर मी फार रागावू नये. हा आलेखाचा सगळा पसारा ज्याच्या नावावर आहे, त्या फ्रान्सच्या रने देकार्तने १६३७ साली भूमितीचे पुस्तक लिहिले, आणि त्यात समीकरणाच्या ऋण उत्तरांना सरळ ‘खोटी’ म्हटले. त्याच्याही हजार वर्षे आधी, इसवी सन ६२८ मध्ये, आमच्या ब्रह्मगुप्ताने धन, ऋण आणि शून्य यांचे नियम घालून दिले होते. धन म्हणजे मालमत्ता, ऋण म्हणजे कर्ज. हे मध्यमवर्गीयाला समजावून सांगावे लागत नाही. शून्य म्हणजे सोसायटीचा शेवटचा हप्ता भरून आलेला माणूस. देणे नाही, घेणे नाही, बदलायला चिन्हच नाही.

नातीला हे पटले, पण दिसले नाही. तेव्हा तिच्या आजीने देवघरातून ओल्या अष्टगंधाची वाटी आणली. आलेख कागदावर (३, २) वर एक ठिपका दिला, (४, ०) वर एक. कागद एक्स-अक्षावर घडी घालून दाबला आणि उघडला. पहिल्या ठिपक्याचा जोडीदार (३, −२) वर उमटला होता. दुसरा ठिपका जागचा हलला नव्हता. जरा पसरट झाला होता इतकेच. मग पोरीने तो कागद वाय-अक्षावरही दुमडला. चारी चरणांत गंध लागले.

मग तिला चेव चढला. शाळेचा नकाशासंग्रह काढून म्हणाली, “आता शिर्डीचं काढू.” शिर्डी सुमारे साडेचौऱ्याहत्तर अंश पूर्व, पावणेवीस अंश उत्तर. विषुववृत्त एक्स-अक्ष, ग्रिनिचची रेषा वाय-अक्ष. (पृथ्वी गोल आहे, मला माहीत आहे. नकाशा सपाट होता.) विषुववृत्तात परावर्तन केले तर शिर्डी गेली हिंदी महासागरात, जवळजवळ मॉरिशसच्या अक्षांशावर, पण त्याच्या बरीच पूर्वेला. ग्रिनिचमध्ये केले तर क्यूबा आणि हैती यांच्यामधल्या समुद्रात. दोन्हींत केले तर चिलीच्या पश्चिमेला, प्रशांत महासागरात.

“तिन्ही पाण्यात?” आजीने विचारले. “मग मूळचीच बरी. निदान नळाला एक दिवसाआड येतं.”

त्या पंधरा उदाहरणांत एक जरी असे असते, तर मी हे परीक्षण लिहिले नसते. छपाई मात्र स्वच्छ आहे, आणि किंमत पाहता कागद बरा आहे.

पुढच्या आठवड्यात नातीची वही तपासून आली. पंधराच्या पंधरा उदाहरणे बरोबर. अकराव्यासमोर तिने ‘शून्याला चिन्ह नाही, म्हणून बिंदू तिथेच’ असे आपल्या शब्दांत लिहिले होते, त्याला बरोबरची खूण होती. पुढच्या पानावर गंधाचे चार डाग पडलेला कागद चिकटवलेला होता. त्याखाली लाल शाईत शेरा होता : वही स्वच्छ ठेवावी. पालकांची सही आणावी.

सही मी केली.