सैलानीचा मार्ग आणि विलंबाचे माप : मनोविकारविषयक काही संशोधनांचे परीक्षण

बुलढाणा जिल्ह्यात पिंपळगाव सराईजवळ सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि नारळांची होळी पेटविली जाते. यात्रेस येणाऱ्यांत मुसलमानांबरोबर हिंदूही मोठ्या संख्येने असतात. घरातील कोणास 'बाहेरची बाधा' झाली, 'लागीर' झाले अशी समजूत असलेली पुष्कळ कुटुंबे यात्रेच्या दिवसांत आणि एरवीही रुग्णाला घेऊन येथे येतात. विदर्भातील प्रादेशिक मनोरुग्णालय नागपूरला आहे. बुलढाण्याहून ते तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर पडते. अशा स्थितीत दर्ग्याची वाट धरणाऱ्या कुटुंबाला केवळ अज्ञानी म्हणणे सोपे असले, तरी न्याय्य नव्हे. ह्या कुटुंबाच्या दृष्टीने मेंदू व मन यांविषयीच्या अलीकडील संशोधनाचे मोल काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ह्या विषयाचा महाराष्ट्रातील एक महत्त्वाचा अभ्यास व्हिएदा स्कुल्टन्स यांचा होय. एका महानुभाव मंदिरात उपचारार्थ राहणाऱ्या कुटुंबांविषयीचा त्यांचा निबंध १९८७ साली 'मॅन' ह्या मानवशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजारी पुरुषाबरोबर आलेली आई किंवा पत्नी स्वतःच्या अंगात आणते आणि घरावरील पीडा आपल्यावर घेऊ पाहते, हे त्यांचे प्रमुख निरीक्षण. अंगात येणे हे बाईच्याच विकाराचे लक्षण, अशी जी सरधोपट समजूत होती, तिला ह्या निरीक्षणाने छेद दिला. रुग्ण एक असला तरी आजार साऱ्या घराचा असतो, ही गोष्ट ह्या अभ्यासाने जितकी स्पष्ट केली तितकी पुढील अनेक सांख्यिकी अभ्यासांना करता आलेली नाही. मात्र मंदिरात येण्यापूर्वी आजार किती काळ चालला होता आणि मंदिरातून परतल्यावर त्याचे काय झाले, हा ह्या निबंधाचा मुख्य विषय नव्हता.

दुसरा अभ्यास रघुराम व त्यांचे सहकारी यांचा. तामिळनाडूतील मुथुस्वामींच्या मंदिरात २००० साली तीन महिन्यांत आलेल्या ३१ रुग्णांची त्यांनी तपासणी केली. त्यांपैकी २३ जणांना स्किझोफ्रेनिया होता. रुग्ण आपल्या नातेवाईकासह राहत, सकाळच्या प्रार्थनेस बसत, झाडलोट किंवा बागेला पाणी घालण्यासारखी हलकी कामे करीत. औषध दिले जात नसे. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामानंतर लक्षणांच्या तीव्रतेचा अंक सुमारे वीस टक्क्यांनी उतरल्याचे आढळले. २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष मांडताना, अनेक औषधांनी साधणाऱ्या सुधारणेशी ही सुधारणा तुल्य आहे, असे लेखकांनी म्हटले.

ह्या निष्कर्षाचा उल्लेख पुढे वारंवार झाला. त्याची चिकित्सा त्या मानाने कमी झाली. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. माणूस मंदिरात येतो तो आजार विकोपाला गेल्यावर. त्यानंतर काही आठवड्यांत थोडा उतार पडणे हा पुष्कळ विकारांचा स्वभावच आहे. तरीही अभ्यास टाकाऊ ठरत नाही. शांत जागा, जवळचे माणूस, हाताला काम आणि अपमानाचा अभाव यांचे मोल त्याने दाखविले. परंतु ते मोल 'स्थानमाहात्म्या'चे नसून वागणुकीचे असण्याचा संभव अधिक. ह्याच्या उलट दृश्यही त्याच राज्यात दिसले. ६ ऑगस्ट २००१ रोजी रामनाथपुरम जिल्ह्यातील एरवाडी येथे, दर्ग्याच्या आश्रयाने चालणाऱ्या एका खाजगी निवासात आग लागली. साखळदंडांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आले नाही आणि २८ जणांचा अंत झाला. ३१ रुग्णांच्या अभ्यासावरून सर्व तीर्थस्थळांविषयी अनुकूल मत बनविणे जितके चुकीचे, तितकेच एरवाडीवरून सर्वांना दोषी ठरविणे चुकीचे होय.

भार्गवी दावर व मधुरा लोहोकरे यांनी २००९ साली महाराष्ट्रातील दर्ग्यांविषयी लिहिताना हीच दुसरी बाजू मांडली. मानसिक आघातातून सावरण्यासाठी दर्ग्यांना एक स्थान आहे, असा त्यांचा पक्ष आहे. सासरचा जाच, वियोग, अपयश यांनी पोळलेल्या स्त्रीला मोकळेपणी ओरडता-रडता येईल अशा जागा आपल्या समाजात फार थोड्या आहेत, हे आपणांस मान्य करावे लागते. प्रश्न एवढाच की, दर्ग्याच्या आवारात ही स्त्री आणि मेंदूच्या विकाराने ग्रासलेली स्त्री शेजारी शेजारी बसलेल्या असतात, आणि दोघींच्या आजाराला नाव मात्र एकच असते.

येथे मेंदूविषयक संशोधन निर्णायक ठरते. जोसेप दालमाउ व सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूच्या दाहाचा एक प्रकार वर्णिला. शरीरातील प्रतिद्रव्ये मेंदूच्या पेशींवरील एनएमडीए ह्या ग्राहकांवर चाल करून जातात. रुग्ण बहुधा तरुण स्त्री असते. प्रथम वागणे बदलते, भास होतात, असंबद्ध बडबड सुरू होते. पुढे झटके येतात, तोंडाच्या व हातापायांच्या विचित्र हालचाली होतात. आपल्याकडे 'लागीर' म्हणून जे वर्णन ऐकू येते त्याच्याशी हे चित्र कमालीचे जुळते. ५७७ रुग्णांच्या २०१३ मधील पाहणीत, उपचार लवकर मिळालेल्यांची प्रकृती अधिक चांगली सुधारली, असे दिसून आले. हा विकार विरळा आहे, हे खरे. पण 'मिरगी' म्हणून ओळखला जाणारा अपस्मार विरळा नाही, आणि त्याचे झटके बहुसंख्य रुग्णांत औषधांनी आटोक्यात राहतात. स्किझोफ्रेनियाच्या बाबतीतही उपचारावाचून गेलेला काळ जितका दीर्घ तितका परिणाम कमी समाधानकारक, असा संबंध २००५ पासूनच्या समालोचनांत आढळतो. अर्थात संबंध म्हणजे कारण नव्हे. ज्यांचा आजार हळूहळू वाढतो ते मुळातच उशिरा येतात, ही शक्यता उरतेच. तरीही सहा आठवडे ही एका रुग्णाला विश्रांती असेल, तर दुसऱ्याला ती हानी असू शकते. सरासरीच्या अंकात हा दुसरा रुग्ण दिसत नाही.

विलंबाची ही जाणीव आपल्या कायद्यात अंशतः आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमात साप, विंचू वा कुत्रा यांच्या दंशावर वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा स्वतंत्र गुन्हा मानला आहे. दंशात वेळ म्हणजे प्राण, हे त्यामागील तत्त्व. भूत उतरविण्याच्या मिषाने बांधणे व मारणे, भुताच्या भीतीने उपचारांपासून परावृत्त करणे, ह्यांवरही बंदी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाने मनोरुग्णाला साखळीने बांधणे निषिद्ध ठरविले. परंतु कोणीही अडविलेले नसताना जो काळ जातो त्याला गुन्हेगार नसतो. पीक हाती येईपर्यंत थांबणे, बरोबर जायला माणूस नसणे, मुलीचे लग्न मोडेल ह्या धास्तीने आजार लपविणे, ह्यांपैकी काहीच कायद्याच्या कक्षेत येत नाही. तेथे जवळच्या उपचारसेवेचाच उपयोग.

अशा सेवेचा एक प्रयोग बुलढाण्याच्याच विभागात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झाला. 'विश्राम' ह्या नावाच्या ह्या कार्यक्रमाचे निष्कर्ष राहुल शिधये व सहकाऱ्यांनी २०१७ साली प्रसिद्ध केले. गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांशी बोलणे, समुपदेशन करणे व गरजूंना डॉक्टरांकडे पाठविणे, असे त्याचे स्वरूप होते. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण अठरा महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. ही वाढ मोलाची आहे. तुलनेची गावे नसल्यामुळे नैराश्यात दिसलेली घट मात्र कार्यक्रमाचीच फलश्रुती मानता येत नाही. कापूस व सोयाबीन यांवर जगणाऱ्या मुलुखात एक बरे वर्षही लोकांचे मन बदलू शकते. शिवाय, मदत मिळाली की नाही हे मोजले गेले. ती किती उशिरा मिळाली हे ह्या आकड्यांवरून कळत नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणासाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

ह्या सर्व संशोधनाचा एकत्र विचार केला असता एक उणीव ठळकपणे जाणवते. कोणी अर्थ शोधला, कोणी तीव्रता मोजली, कोणी सेवेचा प्रसार मोजला. पहिल्या लक्षणापासून योग्य निदानापर्यंतचा काळ मात्र ह्यांपैकी कोणाच्याही केंद्रस्थानी नाही. उपचारमार्गांचे जे अभ्यास भारतात झाले आहेत ते मुख्यतः रुग्णालयांत झाले. जे रुग्णालयापर्यंत पोहोचलेच नाहीत ते त्यांत येणार कसे? त्यांची गाठ सैलानीसारख्या ठिकाणीच पडेल.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेण्याजोगे आहे. त्यासाठी मोठ्या निधीची गरज नाही. घरातील माणसाला तारीख आठवत नाही. पण 'पोळ्याच्या आधी', 'तूर काढली तेव्हा', 'थोरलीच्या बाळंतपणात' हे पक्के आठवते. त्या खुणांवरून महिने मोजता येतात. आधी कोठे नेले, कोणी काय सांगितले, किती खर्च झाला, हे श्रद्धेची उलटतपासणी न करता विचारावे. ह्या कामात एक बंधन मात्र पाळले पाहिजे. झटके, ताप किंवा शुद्ध हरपणे यांचा उल्लेख होताच प्रश्नावली बाजूस ठेवून रुग्ण डॉक्टरांपर्यंत पोहोचेल अशी व्यवस्था प्रथम करावी. विलंब मोजणाऱ्यानेच त्यात भर घालावी, हे कोणत्याही शास्त्राला शोभणारे नाही.