समरूप कण आणि घाईचा निष्कर्ष

फ्रिट्यॉफ काप्रा यांच्या ‘द ताओ ऑफ फिजिक्स’ (१९७५) या ग्रंथापासून पुंजभौतिकीत बौद्ध सिद्धान्ताची सिद्धता शोधण्याची प्रथा रूढ झाली. संदर्भसापेक्षतेचे प्रयोगही आता अनात्मवादाचे प्रमाण म्हणून पुढे केले जातात. हे विधान तपासून घेणे आवश्यक आहे.

एखाद्या राशीचे मूल्य मापनापूर्वीच निश्चित असते आणि सोबत दुसरे काय मोजले यावर ते अवलंबून नसते, या गृहीतकाशी पुंजयामिकीचा विरोध आहे, हे कोखेन व स्पेकर यांनी १९६७ मध्ये सिद्ध केले. पेरेस व मर्मिन यांनी १९९० मध्ये त्याचा सुलभ नमुना दिला. नऊ राशी तीन ओळी व तीन स्तंभांत मांडाव्यात. प्रत्येकीचे मूल्य +१ किंवा −१. पुंजयामिकीनुसार पाच गुणाकार +१ येतात, शेवटच्या स्तंभाचा मात्र −१. मूल्ये पूर्वनिश्चित असतील, तर नऊंचा गुणाकार ओळींनी +१ व स्तंभांनी −१ यावा लागेल. हे अशक्य आहे. इन्सब्रुक येथे २००९ मध्ये दोन कॅल्शियम आयनांवर ही कसोटी झाली. पूर्वनिश्चित मूल्यांची मर्यादा ४ असताना ५.४६ हे मूल्य मिळाले.

ते दोन्ही आयन समरूप होते. परंतु त्यांच्या जागा भिन्न असल्याने ‘हा’ व ‘तो’ असे म्हणता आले. फोटॉनांचे तसे नाही. अर्धपारदर्शक आरशावर दोन बाजूंनी एकाच क्षणी आलेले समरूप फोटॉन एकाच बाजूने बाहेर पडतात, हे हाँग, ओऊ व मँडेल यांनी १९८७ मध्ये दाखविले. तेथे ‘पहिला कोणता?’ हा प्रश्नच निरर्थक ठरतो. म्हणून अशा प्रयोगात राशी कणाच्या नावे न सांगता मार्गाच्या नावे सांगावी लागते. अन्यथा दोन संदर्भांत आपण एकच राशी मोजली, हे गृहीतकच डळमळते.

येथे मिलिंदपञ्हातील रथाची आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि नागसेनांचा रथ ही चाक, आस इत्यादींच्या आश्रयाने झालेली प्रज्ञप्ती आहे. मापनफलांच्या गणिती विसंगतीचा प्रश्न तेथे नाही. शिवाय मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. एम. रॉय व वीरेंद्र सिंह यांनी १९९३ मध्ये संभाव्यतेवर आधारलेल्या असंदर्भी सिद्धान्तांशीही पुंजयामिकीचा विरोध दाखविला. आणि त्यांनीच १९९५ मध्ये कणाच्या स्थानाला व संवेगाला समान स्थान देणारी कार्यकारणबद्ध मांडणी केली. संदर्भसापेक्षता मान्य करूनही कणाला निश्चित मार्ग देता येतो. मग तिच्यावरून निःस्वभावता कशी सिद्ध होणार?

अनात्मवाद अशा प्रमाणपत्रावर उभा केला, तर प्रयोगाचा अर्थ बदलताच तोही सोडावा लागेल. ‘एहिपस्सिको’ म्हणणाऱ्यांनी प्रयोग स्वतः समजून घ्यावा आणि तो जेवढे सांगतो तेवढेच सांगावे.