प्रिन्सच्या ओठांवरचा लिपग्लॉस

फोनवर दोन चित्रं शोधा आणि शेजारी शेजारी ठेवून बघा. एक, लिन गोल्डस्मिथनं डिसेंबर १९८१मध्ये काढलेला कृष्णधवल फोटो. २३ वर्षांचा गायक प्रिन्स पांढऱ्या पार्श्वभूमीवर उभा आहे. थेट आपल्याकडे बघतोय, पण अवघडलेला. दुसरं, अँडी वॉरहॉलचं ‘ऑरेंज प्रिन्स’. चेहरा तोच, पण खांदे-धड गायब, सावल्या सपाट, सगळीकडे नारिंगी.

खरं सांगतो, मला आधी आवडलं ते नारिंगी.

२०१९मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टालाही तसंच वाटलं असावं. न्यायाधीशांचं म्हणणं असं, की फोटोतला हळवा, बिचकलेला माणूस वॉरहॉलनं काढून टाकला आणि एक दंतकथा उभी केली. म्हणजे हे नवं चित्र झालं, परवानगीची गरज नाही. ऐकायला पटतं. पण हे वाचन एका जागी चुकतं. तो बिचकलेला माणूस स्टुडिओत आयता पडलेला नव्हता. गोल्डस्मिथनं त्याला आयशॅडो आणि लिपग्लॉस दिला, चेहऱ्याची हाडं उठून दिसावीत असा प्रकाश लावला. थोड्या वेळानं प्रिन्स उठून आतल्या खोलीत गेला आणि सेशन अर्धवट टाकून निघून गेला. हातात उरल्या त्या मोजक्या फ्रेम्स. त्यांतला हळवेपणा हीच तर तिची कलाकृती. ती ‘कच्चा माल’ कशी?

आता पैशांकडे. १९८४मध्ये ‘व्हॅनिटी फेअर’नं हा फोटो चित्रकाराला संदर्भ म्हणून, फक्त एकदाच वापरण्यासाठी घेतला. गोल्डस्मिथला ४०० डॉलर मिळाले, नावही छापलं. वॉरहॉलनं मात्र त्यावरून १६ चित्रं केली. तिला त्यांचा पत्ता लागला २०१६मध्ये, प्रिन्स गेल्यावर. तेव्हा त्याच मासिकाच्या कंपनीनं विशेषांकावर ‘ऑरेंज प्रिन्स’ छापलं आणि वॉरहॉल फाउंडेशनला १०,२५० डॉलर दिले. गोल्डस्मिथला शून्य. नावसुद्धा नाही.

तिनं तक्रार केली, तर कोर्टात आधी गेलं ते फाउंडेशनच. २०२३मध्ये सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ असा निकाल तिच्या बाजूनं दिला. न्यायमूर्ती सोटोमायोर यांनी चित्र किती थोर आहे या वादात न शिरता एकच विचारलं: हे इथं कशासाठी वापरलं? प्रिन्सवरच्या लेखासोबत मासिकात छापायला. फोटोही त्याचसाठी विकला जातो. न्यायमूर्ती केगन यांचा विरोधी निकाल वाचायला जास्त मजेदार आहे. चित्रं छापलेली, व्हेलास्केझच्या पोपवरून फ्रान्सिस बेकननं काय केलं ते दाखवलेलं. कला अशीच एकमेकांवर उभी राहते, हे त्यांचं म्हणणं खरंच आहे. फक्त बेकननं ब्रश उचलला तेव्हा व्हेलास्केझ जाऊन जवळजवळ ३०० वर्षं झाली होती. मासिकांच्या मानधनावर त्याचं घर चालत नव्हतं.

एक रुक्ष तपशील मला या सगळ्या चर्चेत फार कमी दिसला. गोल्डस्मिथनं या फोटोची कॉपीराइट नोंदणी केली ती २०१६मध्ये, म्हणजे फोटो काढल्यावर ३५ वर्षांनी. अमेरिकेत नोंदणीशिवाय तिथल्या छायाचित्रकाराला दावाच लावता येत नाही, आणि कायद्यानं ठरवलेली ठोक भरपाई हवी तर नोंदणी साधारणपणे उल्लंघनाच्या आधीची लागते.

भारतात नोंदणी सक्तीची नाही. फोटो काढला की हक्क जन्माला येतो. नोंदणी असली तर कोर्टात पुरावा म्हणून कामी येते. पण हक्क जन्मतो तो कुणाच्या घरी? १९५७च्या कायद्याचं १७वं कलम सांगतं, की कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि करारात वेगळं काही लिहिलं नसेल, तर पहिला मालक तो पैसे देणारा. तुमच्या ताईच्या लग्नाचे फोटो म्हणूनच सहसा फोटोग्राफरचे नसतात. आणि १९८१चं ते सेशन? तेही ‘न्यूजवीक’नं सांगितलेलं काम होतं. हेच मुंबईत घडलं असतं आणि कागदावर काही लिहून घेतलं नसतं, तर वॉरहॉल फाउंडेशनसमोर गोल्डस्मिथ उभीच राहिली नसती. फार तर मासिकाचे वकील आले असते.