बंदुकीमागचा ‘मी’

संगणकावरचा गोळीबाराचा खेळ हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न दिवाळी अंकाच्या वाचकाला पडणे स्वाभाविक आहे. आपल्या घरांतून या खेळांविषयी जे बोलले जाते, ते मुलांचे डोळे बिघडतात आणि अभ्यास बुडतो, एवढ्यावर थांबते. १९९९ साली अमेरिकेतील कोलंबाईन शाळेत हत्याकांड झाले, तेव्हा मारेकरी मुले ‘डूम’ खेळत असत यावरून मोठे वादळ उठले. पुढे २०११ साली त्याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा खेळांना पुस्तके, नाटके व चित्रपट यांच्या पंक्तीत बसवले. पंक्तीत बसवल्यावर पंक्तीचे नियमही लावावे लागतात. रूपबंध कोणता, आशय काय आणि माणसाविषयी ही कृती काय म्हणते, हे विचारावेच लागते.

रूपबंध मराठी वाचकाला परका नाही. तो प्रथमपुरुषी निवेदनाचा आहे. ‘कोसला’त (१९६३) पांडुरंग सांगवीकर ‘मी’ म्हणून बोलतो आणि आपण त्याच्या डोळ्यांनी जग पाहतो. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या प्रकारात संगणकाचा पडदा हेच नायकाचे डोळे. समोर दिसतात फक्त त्याचे हात आणि बंदुकीची नळी. कादंबरीतल्या ‘मी’ला वाणी असते, इथल्या ‘मी’ला बहुधा हातच असतात. या मुक्या ‘मी’चे प्रत्येक खेळाने काय केले, यावर त्याची योग्यता ठरवावी.

‘डूम’ (१९९३) हा या घराण्यातला मूळ पुरुष नव्हे. त्याच आयडी सॉफ्टवेअर कंपनीचा ‘वुल्फेन्स्टाइन’ त्याआधी एक वर्ष, १९९२ साली आला होता. परंतु घराण्याला नाव मिळवून दिले ते ‘डूम’ने. पहिला भाग फुकट वाटायचा आणि पुढचे विकायचे, या युक्तीने तो जगभर गेला. त्यातल्या नायकाला नाव नाही. पडद्याच्या तळाशी त्याचा एक छोटा चेहरा असतो आणि मार बसेल तसतसा तो रक्ताळत जातो. त्या ‘मी’चे सारे आत्मचरित्र एवढेच. समोर राक्षस असल्यामुळे विवेकाला काम उरत नाही. चक्रव्यूहाची रचना मात्र अव्वल दर्जाची, हे मान्य केले पाहिजे.

‘हाफ-लाइफ’ने (१९९८) याच रूपबंधाला प्रौढत्व दिले. गॉर्डन फ्रीमन हा शास्त्रज्ञ आहे. खेळाच्या आरंभी कित्येक मिनिटे तो गाडीत बसून प्रयोगशाळेकडे नुसता चाललेला असतो. बंदूक नाही, शत्रू नाही, फक्त पाहणे आहे. त्याच्या डोळ्यांबाहेरचे एकही दृश्य खेळाडूला दाखवले जात नाही. पुढे एका ठिकाणी दोन सैनिकांचे बोलणे त्याच्या कानी पडते. हा फ्रीमन आपल्या सोबत्यांना मारीत सुटला आहे, अशी त्यांची तक्रार असते. ‘मी’ दुसऱ्याच्या तोंडून स्वतःला ‘तो’ म्हणून ऐकतो आणि समोरच्याला सोबती होते हे त्याला कळते. या साऱ्या परंपरेतला हा क्षण आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो.

आपल्याकडे गाजला तो मात्र ‘प्रोजेक्ट आयजीआय’. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजने केलेला हा खेळ २००० सालच्या डिसेंबरात आला. तो साध्या संगणकावर चालत असे, इंटरनेट लागत नसे आणि खेळायला जोडीदारही लागत नसे. त्यामुळे भारतातल्या सायबर कॅफेंत आणि घरोघरच्या संगणकांवर तो पसरला. डेव्हिड जोन्स हा एकटा माणूस पूर्व युरोपातील लष्करी तळांत शिरतो. एकूण मोहिमा चौदा. मोहीम चालू असताना मध्येच खेळ जतन करण्याची सोय नाही. शेवटच्या फाटकापाशी मेलात, तरी आरंभापासून सुरुवात. त्या काळच्या समीक्षकांनी हा दोष मानला. आमच्या मते तोच त्याचा गुण. ज्याला परत फिरता येत नाही, तो प्रत्येक पाऊल जपून टाकतो. दुर्बिणीतून टेहळणी करायची, नकाशा पाहायचा, भोंगा वाजू द्यायचा नाही. गोळी झाडण्यापेक्षा ती न झाडण्यालाच इथे किंमत अधिक. शिडी चढताना मात्र कॅमेरा नायकाच्या बाहेर येतो आणि ‘मी’ क्षणभर ‘तो’ होऊन पाठमोरा दिसतो. ‘हाफ-लाइफ’ने कटाक्षाने पाळलेली शिस्त इथे मोडते.

परंतु खरा दोष निराळाच आहे. भोंगा वाजला की बराकीतून नवे शिपाई निघतात. ते पडले की आणखी निघतात. त्यांना नाव नाही, घर नाही. या खेळातल्या एका मोहिमेचे नावच ‘बॉर्डर क्रॉसिंग’ आहे. तारेचे कुंपण, पहाऱ्याचा मनोरा आणि पलीकडे केवळ निशाणे.

संकेश्वर-निपाणीच्या वाचकाला इथे थांबावेसे वाटावे. १ नोव्हेंबर १९५६ पासून आपण सीमा या शब्दासह जगत आहोत. आपली हिरण्यकेशी आंबोलीला उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लज करीत संकेश्वरला येते. तिच्या वाटेत राज्य बदलते, पाणी बदलत नाही. आपल्या बाजारात एकाच दुकानात गिऱ्हाईक मराठीत भाव विचारते आणि पुढचे गिऱ्हाईक कन्नडमध्ये. भाषेचा अन्याय आपण सोसला असेल आणि त्याविरुद्ध लढाही दिला असेल, पण पलीकडच्याला आई आहे, बोली आहे, उधारीची वही आहे, हे आपल्याला ठाऊक असते. ‘आयजीआय’च्या नायकाला नेमके हेच ठाऊक नाही. त्याला कुंपण ओलांडता येते, पण पलीकडे कोणी भेटत नाही.

आता मुले मोबाईलवर शंभर जणांच्या झुंडीत खेळतात. २०२० साली सरकारने पब्जीवर बंदी घातली, तरी त्या जातीचे खेळ थांबले नाहीत. त्या गलक्यापुढे हे जुने एकट्याचे खेळ शांत व विचारी वाटतात आणि ते मुलांना खुशाल खेळू द्यावेत, असेच आमचे मत आहे. संयम, टेहळणी, एकट्याची जबाबदारी हे गुण त्यांत खरोखर आहेत. फक्त किती जण मारलेस असे न विचारता, तो पहारेकरी कोण होता, असे मुलाला विचारून पाहावे. खेळाने न दिलेले उत्तर मुलालाच रचावे लागेल. ते त्याने मराठीत रचले काय किंवा कन्नडमध्ये रचले काय, दोन्ही आपल्या घरात समजते.