सगळेच मनमिळाऊ होते का?

मागच्या वर्षी आमच्या सोसायटीतले एक काका गेले. वय ७८. कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, बी विंगला तळमजल्यावर राहायचे. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा मी ॲडमिन, त्यामुळे सकाळी सहाला सेक्रेटरींचा फोन आला : ‘मेसेज टाक, साडेदहाला नेणार आहेत.’ मी अर्धवट झोपेत होतो. तीन महिन्यांपूर्वी ए विंगमधले आजोबा गेले होते, तेव्हाचा मेसेज शोधला. कॉपी केला, नाव बदललं, वय बदललं, वेळ बदलली आणि पाठवून दिला.

एक वाक्य बदलायचं राहिलं. ‘गेली वीस वर्षं त्यांनी पंढरीची वारी कधी चुकवली नाही.’ हे ए विंगच्या आजोबांबद्दल होतं.

दुपारपर्यंत ग्रुपवर ६३ जणांनी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ लिहिलं. एकालाही काही खटकलं नाही. काकांच्या भिंतीला भिंत लावून तीस वर्षं राहिलेल्यांनाही नाही.

तिसऱ्या दिवशी भेटायला गेलो तेव्हा काकूंनी विचारलं, ‘वारीचं तू लिहिलंस का रे?’ मी काही बोलायच्या आत त्याच म्हणाल्या, ‘हे आळंदीलासुद्धा कधी गेले नाहीत. आषाढीला मुद्दाम आमलेट मागायचे.’ आणि हसल्या. मग बराच वेळ पदर डोळ्यांना लावून बसून राहिल्या.

त्या दिवसापासून मी श्रद्धांजल्या वाचतोय. पेपरातल्या, ग्रुपवरच्या, चौकातल्या फ्लेक्सवरच्या आणि पुस्तकांतल्याही. हा लेख त्या वाचनाबद्दल आहे.

आमच्या धंद्यात कोड बदलला की तो कुठे मोडलाय का हे बघायला टेस्ट लिहितात. नवशिक्या माणसाच्या हातून हमखास एक चूक होते. तो अशी टेस्ट लिहितो की कोडमध्ये काहीही केलं तरी ती पासच होते. स्क्रीनवर हिरवी खूण दिसते, सगळे खूश. पण जी टेस्ट कधी फेल होऊच शकत नाही, ती काहीच तपासत नसते. आपल्या श्रद्धांजल्यांचं नेमकं हेच झालंय. ‘मनमिळाऊ स्वभावामुळे ते सर्वपरिचित होते.’ हे वाक्य कुणाबद्दल खोटं ठरू शकतं? आयुष्यभर शेजाऱ्यांशी पार्किंगवरून भांडलेला माणूसही गेल्यावर मनमिळाऊ असतो. जे वाक्य चुकूच शकत नाही, ते कुणाचीच आठवण नसते.

बायकांच्या वाट्याला तर विशेषणंही मोजकीच येतात : ‘धार्मिक वृत्तीच्या’, ‘कुटुंबवत्सल’, ‘प्रेमळ’. मग ‘अमुक यांच्या त्या मातोश्री होत’. चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाईसुद्धा शेवटच्या बातमीत कुणाची तरी मातोश्री म्हणून जाते. फ्लेक्सवर कधी कधी शोकाकुल मुलांचे फोटो गेलेल्या माणसाच्या फोटोएवढेच मोठे असतात. गेलं कोण हे समजायला क्षणभर थांबावं लागतं.

टेम्प्लेटवर चिडणं सोपं आहे, पण ते अन्यायाचं होईल. निधनाच्या बातमीचं पहिलं काम कळवणं. कुठे, किती वाजता, मागे कोण कोण आहे. ते काम ठरावीक वाक्यं चोख करतात. दुःखात माणसाला शब्द सुचत नाहीत, तेव्हा तयार शब्दांचा आधार होतो. दहावा-तेरावा हासुद्धा ठरलेला क्रमच आहे की, आणि तो घरच्यांना उभं राहायला मदत करतो. २०२१च्या एप्रिल-मेमध्ये जाऊन भेटणंही शक्य नव्हतं तेव्हा आपल्या हातात दुसरं काय होतं? त्या दोन महिन्यांतले माझ्या फोनमधले मेसेज मी परत वाचले. त्यातली काही माणसं मला अंगाखांद्यावर खेळवलेली. नावावर बोट ठेवून मजकूर वाचला, तर कोणता मेसेज कुणाचा हे मला सांगता आलं नाही. माझी तक्रार टेम्प्लेट वापरण्याबद्दल नाही. तेरावा झाल्यावरही आपण त्याच्या पुढे जात नाही, याबद्दल आहे.

मराठीला पुढे जाणं जमत नाही असं नाही. न्यायमूर्ती रानडे १९०१मध्ये गेले. रमाबाई रानडे यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१०मध्ये आलं. रानड्यांच्या नावापुढे ‘थोर समाजसुधारक’ हे तोवर चिकटलेलंच असणार. पुस्तकात मात्र आपल्याला भेटतात ते कलकत्त्याच्या मुक्कामात बंगाली शिकायला बसलेले आणि अडलेल्या शब्दाचा अर्थ हजामत करायला आलेल्या न्हाव्याला विचारणारे न्यायमूर्ती. ‘त्यांना ज्ञानाची आस होती, अहंकार नव्हता’ असं म्हटलं असतं तर ते कुठल्याही न्यायाधीशाला लागू झालं असतं. न्हाव्याची गोष्ट फक्त एकाच माणसाची आहे.

लक्ष्मीबाई टिळक आणखी पुढे जातात. रेव्हरंड टिळक १९१९मध्ये गेले, ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागांनी आली. यातले टिळक कवी आहेत, दयाळू आहेत आणि तापट, बेभरवशाचे, संसाराच्या हिशेबात पार कच्चेही आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्यावर हसतात, चिडतात आणि एकदाही त्यांना लहान करत नाहीत. दोष सांगितल्यामुळे माणूस छोटा होत नाही, हे आपल्या ग्रुपवर कुणालाच ठाऊक नसावं असं वाटतं. दोष गाळला की उरलेले गुण कुणाचेही होऊ शकतात, हे मला या पुस्तकाने शिकवलं.

आणि ‘गणगोत’मधले बेळगावचे रावसाहेब. पु. ल. देशपांडे यांनी गेलेल्या मित्राबद्दल लिहिलेला हा लेख आपल्यातल्या बहुतेकांनी वाचण्याआधी ऐकलाय. रावसाहेबांच्या तोंडातल्या शिव्या आणि त्यांची कानडी वळणाची मराठी पु. ल. जशीच्या तशी ठेवतात. आज कुणाच्या शोकसभेत वक्त्याने ‘ते फार शिव्या द्यायचे’ असं म्हटलं तर सभा अवघडून जाईल. पण रावसाहेबांच्या शिव्या काढून टाका आणि बघा काय उरतं. एक संगीतप्रेमी, दिलदार गृहस्थ. मनमिळाऊ स्वभावामुळे सर्वपरिचित.

इथेच एक धोकाही आहे. पु. लं.च्या लोकप्रियतेनंतर आपल्याकडे दुसरं एक टेम्प्लेट तयार झालं, वल्लीचं. हल्ली जरा बरी लिहिलेली आठवण म्हणजे हमखास गेलेल्या माणसाची लकब, त्याचा तकियाकलाम, दोन किस्से आणि शेवटी डोळ्यांत पाणी. ज्यांच्याकडे किस्सा नाही त्यांचं काय? आपल्या आसपासची बहुतेक म्हातारी माणसं वल्ली नसतात. ती वेळेवर उठतात, वेळेवर जेवतात, फारसं बोलत नाहीत. ‘व्यक्ती आणि वल्ली’मध्ये मध्यवर्ती व्यक्ती जवळजवळ सगळ्या पुरुष आहेत, हाही योगायोग नाही. चौकात, ओट्यावर, कट्ट्यावर बोलायची मुभा असेल तरच माणूस वल्ली होतो. स्वयंपाकघरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईचं वल्लीपण बघायला तिथे कोण बसलेलं असतं?

अशा वेळी मला व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘माणदेशी माणसं’चा (१९४९) आधार वाटतो. माडगूळकर माणसाला रंगवत नाहीत, त्याच्यावर निकालही देत नाहीत. फक्त बघतात. धर्मा रामोशाला दिलेलं जुनं धोतर शेवटी कुणाच्या अंगावर दिसतं, हे ज्यांनी वाचलंय त्यांना ‘गरिबी’ हा शब्द पुन्हा वापरताना जपून वापरावा लागतो. त्यात विनोदी लकब नाही, सुभाषित नाही. एक वस्तू आहे आणि ती कुठे गेली याची नोंद आहे. एवढी नोंद आपल्यातला कुणीही ठेवू शकतो. त्याला प्रतिभा लागत नाही, लक्ष लागतं.

हे सगळं वाचून झाल्यावर मी काकांबद्दल पुन्हा लिहायला बसलो. काकूंना विचारलं, वॉचमनला विचारलं. काका पहाटे उठून सोसायटीचा पंप सुरू करायचे हे मला माहीत होतं. पण ते टँकरचीही नोंद ठेवायचे आणि एकदा टँकरवाल्याचं बिल चुकीचं आहे हे त्यांच्या वहीतून सिद्ध झालं होतं, हे नव्याने कळलं. गणपतीची वर्गणी ते द्यायचे नाहीत, पण मांडवाचं वायरिंग स्वतः तपासायचे. आणि सख्ख्या भावाशी त्यांनी बावीस वर्षं बोलणं टाकलं होतं.

हे शेवटचं मी लिहिलं होतं. मुलाला मजकूर दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘एवढं नको.’ मी काढलं. लक्ष्मीबाईंना टिळकांचा संताप लिहायचा हक्क होता, कारण तो त्यांनी सोसला होता. मी काय सोसलं होतं? एक मात्र केलं. ‘सर्व नातेवाइकांना धरून असायचे’ असं वाक्य मुलाने त्या जागी सुचवलं होतं, ते घातलं नाही. गाळणं समजू शकतो. गाळलेल्या जागी उलटं भरणं म्हणजे पुन्हा वारी.

या सगळ्यात ए विंगच्या आजोबांचा मूळ मेसेजही परत वाचला. त्यातली बाकीची वाक्यं नेहमीचीच होती. वीस वर्षांच्या वारीचं तेवढं एकच वाक्य खरोखर त्यांचं होतं. कुणीतरी वर्षं मोजून लिहिलं होतं, आणि तेच मी उचलून दुसऱ्याला देऊन टाकलं होतं.

काकांवरचा मजकूर वर्षश्राद्धाच्या दिवशी ग्रुपवर टाकला. आमलेटसकट, काकूंना विचारून. या वेळी हात जोडणारे कमी होते, १९ जण. पण संध्याकाळी दुसरेच मेसेज यायला लागले. ‘पंप साडेपाचला नाही, पाच वीसला. मी दूध आणायला उतरायचो तेव्हा चालू असायचा.’ ‘वही एक नव्हती, चार होत्या. एक अजून मीटर रूममध्ये आहे बघ.’ सी विंगमधल्या एका मुलीने लिहिलं की काका तिला जिन्यात क्रिकेट खेळण्यावरून ओरडले होते आणि दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये स्टंप रंगवून दिले होते. त्यावर कुणीतरी म्हणालं, ते स्टंप काकांनी नाही, वॉचमनने रंगवले होते. त्यावरून अर्धा तास वाद चालला.

मी पंपाची वेळ दुरुस्त केली. स्टंपांचं अजून नक्की व्हायचंय.