उत्तरभागाचें गांव : जुनें कीं नवें ?

कोणतीही कृति लोकांस आवडली कीं, तिच्या कर्त्यापुढें एक गोड संकट उभें राहतें. वाचक, प्रेक्षक किंवा खेळणारा म्हणतो, "आणखी द्या". परंतु आणखी म्हणजे तेंच आणखी, कीं त्याहून निराळें, हें मात्र तो सांगत नाहीं. कादंबरीकारांस हें संकट जुनें आहे. व्हिडिओ-गेम रचणारांस तें अलीकडे फार जाचूं लागलें आहे. गाजलेल्या खेळाचा उत्तरभाग पहिल्याच भूमीवर घडवावा, कीं नायकास नव्या मुलखांत न्यावें ? ज्या वर्गांत कादंबरीच्या स्थळकाळाविषयींचें आमचें व्याख्यान निद्रेस पोषक ठरलें, त्याच वर्गांतील मुलें ह्या प्रश्नावर तासभर भांडतांना आम्हीं ऐकलीं आहेत. तेव्हां हा विषय क्षुल्लक मानून सोडून देणें आम्हांस बरें वाटलें नाहीं.

प्रथम घराजवळचें उदाहरण घेऊं. आम्ही राहतों मुंबईच्या उपनगरांत, मरोळास. डेन्मार्कच्या 'आयओ इंटरॅक्टिव्ह' ह्या संस्थेनें २०१८ सालीं 'हिटमॅन २' हा खेळ काढला. खेळणारे ज्यास लेव्हल म्हणतात असा त्याचा एक सर्ग मुंबईंत घडतो. ही मालिका नव्या स्थळांची मोठी भोक्ती आहे. तिचा नायक भाडोत्री मारेकरी. प्रत्येक सर्गांत तो नव्या ठिकाणीं उतरतो, वेष पालटतो, व काम उरकून निघून जातो. आमच्या भाच्यानें आग्रहानें आम्हांस यंत्रापुढें बसविलें. पाहतों तों अर्धवट बांधलेला मनोरा, दाट झोपडवस्ती, आगगाड्यांचें आवार, धोब्यांचा कारखाना, न्हाव्याचें दुकान, आणि ह्या सर्वांतून अखंड वाहणारी गर्दी ! ज्या तिघांच्या जिवावर नायक उठला आहे, त्यांतील एकाचें तोंड त्यास ठाऊक नसतें. तो गर्दींत मिसळून असतो, व प्रथम त्यास ओळखून काढावें लागतें. ही योजना मुंबईचा गुण जाणून केलेली आहे, हें मान्य केलें पाहिजे; ह्या शहरांत लपावयाचें तर गर्दीसारखी गुहा नाहीं. तथापि एकंदर चित्र पाहुण्याच्या नजरेचें आहे. मनोरा, झोपडी, सिनेमावाला, गुंड : विमानांतून उतरणारास जी मुंबई आधींच ठाऊक असते, तीच त्यास येथें भेटते.

पुढें २०२१ सालीं तिसरा भाग आला. नायक दुबई, बर्लिन, चाँगचिंग असा हिंडला. मुंबईचा नव्यानें विचार झाला नाहीं. मात्र जुनी मुंबई ह्या भागांत जशीच्या तशी आणण्याची सोय होती, आणि २०२३ सालच्या 'फ्रीलान्सर' ह्या प्रकारांत तिच्यांत पुनःपुन्हा जातां येऊं लागलें. सावज दर वेळीं निराळें, शहर तेंच. तो अर्धवट मनोरा अद्याप अर्धवटच आहे.

आतां आमच्या मरोळाकडे पहावें. २०१४ सालच्या जूनमध्यें अंधेरी-कुर्ला रस्त्यावर खांबांवरून मेट्रो धांवूं लागली, आणि मरोळ नाक्यास वरचा मजला मिळाला. मग कित्येक वर्षें रस्त्यांत पत्र्याचीं कुंपणें उभारून खालची माती उपसली जात होती. २०२४ सालच्या ऑक्टोबरांत त्याच नाक्याखालून दुसरी मेट्रो सुरू झाली. आज नाक्यावर उभें राहिलें तर एक गाडी डोक्यावरून जाते, दुसरी पायांखालून. आणि पलीकडे गांवठाणाच्या गल्ल्या आपल्या जुन्या वळणांनींच चालल्या आहेत. नाका तोच, पण २०१३ सालीं येथून गेलेला मनुष्य आज परतला, तर त्यास वाट विचारावी लागेल. गांव तेंच राहून नवें होतें, तें असें. जो खेळ आपणांस त्याच शहरांत नेतो, पण काळाला मात्र दाराबाहेर उभा करतो, तो आपणांस परत नेतो असें आम्ही म्हणत नाहीं.

ह्याच्या उलट उदाहरण जपानांत सांपडतें. सेगा कंपनीची 'याकुझा' ही मालिका २००५ सालीं सुरू झाली. टोकियोंतील काबुकिचो ह्या रंगेल वस्तीवरून बेतलेला 'कामुरोचो' हा तिचा मोहल्ला. थोड्याशा रस्त्यांचा हा तुकडा भागामागून भाग पुन्हा येतो, आणि खेळणारास तो कंटाळवाणा होत नाहीं. कारण तेथें दुकानें बदलतात, इमारती उठतात, माणसांचीं वयें वाढतात. पहिल्या भागांत ह्या मोहल्ल्यांत 'मिलेनियम टॉवर' नांवाची उत्तुंग इमारत आहे. २०१५ सालीं आलेला 'याकुझा ०' हा भाग मागें १९८८ सालांत जातो. तेथें ती इमारत नाहीं. आहे ती घरांच्या मधली एक चिमुकली मोकळी जागा. सबंध कथा त्या हातभर जमिनीच्या मालकीवरून पेटते. ज्यानें पहिला भाग खेळला आहे, त्यास त्या जागीं पुढें काय उभें राहणार हें ठाऊक असतें, आणि त्या जाणिवेनें ती रिकामी जागा त्यास भरलेली दिसते. अनोळखी स्थळीं हा परिणाम साधणें अशक्य. जमिनीच्या तुकड्यावरून भाऊ भावाचें तोंड पाहीनासा होतो, हें ज्या मुंबईकरानें पाहिलें आहे, त्यास ह्याचें मर्म निराळें सांगावयास नको.

निन्टेंडोच्या 'झेल्डा' मालिकेनें ह्याहून धीट प्रयोग केला. २०१७ सालच्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' मधला हायरूल देश २०२३ सालच्या 'टिअर्स ऑफ द किंगडम' मध्यें पुन्हा आला. परंतु आतां त्याच्यावर आकाशांत बेटें तरंगत आहेत, आणि त्याच्याखालीं काळोखाचा विस्तीर्ण प्रदेश पसरला आहे. वर जेथें डोंगर, तेथें खालीं दरी. समुद्रकांठचें लुरेलिन हें कोळ्यांचें गांव पूर्वीं विसाव्याचें ठिकाण होतें. तें आतां चाच्यांनीं व्यापलेलें आढळतें, आणि त्यांस हुसकून खेळणारानें गांव पुन्हा उभारण्यास हात लावावयाचा असतो. परक्या गांवाची दुर्दशा पाहून आपण हळहळतों. ज्या गांवांत एकदां रात्र काढली आहे, त्याची दुर्दशा पाहून मात्र पाय अडखळतात.

कोणी म्हणेल, हें सर्व काटकसरीचें मंडन आहे. जुनें नेपथ्य पुन्हा वापरलें म्हणजे चितारी व कारागीर यांवरचा खर्च वांचतो, इतकेंच. आक्षेप निराधार नाहीं. २०११ सालच्या 'ड्रॅगन एज २' ची कथा कर्कवॉल ह्या शहरांत कित्येक वर्षें चालते. आणि निरनिराळ्या गुहा म्हणून एकच नकाशा, एखादी वाट बंद करून, पुनःपुन्हा पुढें केला जातो. खेळणारांनीं त्यास दोष दिला तो यथार्थच होता. पण तो दोष पुनरागमनाचा नव्हे. तेथें परत आलेल्यानें कांहीं आठवावें अशी कर्त्याची इच्छाच नसते. उलट, हें पूर्वीं पाहिलेंच नाहीं असें त्यानें मानावें, अशी अपेक्षा असते. जुन्या सामानाचा उपयोग स्मृति जागविण्यास केला तर ती कला; ती दडपण्यास केला तर ती लबाडी.

मग नवी भूमि वर्ज्यच काय ? मुळींच नाहीं. भालचंद्र नेमाडे यांचा चांगदेव 'बिढार', 'जरीला', 'झूल' ह्या कादंबऱ्यांतून गांवें बदलीत जातो. तें वाचकास नवे देखावे दाखविण्यासाठीं नव्हे. कोठेंच रुजतां येत नाहीं, हेंच त्याचें दुःख आहे. आम्हां प्राध्यापकांस तर त्या बिऱ्हाडांतील भांडींसुद्धां ओळखीचीं वाटतात ! याकुझा मालिकेनेंही २०२० सालीं मोहल्ला सोडून योकोहामा गांठलें. परंतु तत्पूर्वीं अठरा वर्षें तुरुंगांत काढलेल्या नव्या नायकास एकदां कामुरोचोंत आणून उभें केलें. ज्या टोळीसाठीं तो आंत गेला, तिची सत्ता तेथून पार उखडलेली त्यास दिसते. त्यानंतरचें योकोहामा खरोखर नवें वाटतें, कारण त्याचें जुनें कांहीं हरवलेलें आपण पाहिलें आहे.

आमचें मत मग असें कीं, गांव जुनें कीं नवें, हा प्रश्न दुय्यम आहे. दोन भागांच्या मधें काळ गेला आहे कीं नाहीं, हा खरा प्रश्न. श्री. ना. पेंडसे यांनीं १९५२ सालीं 'गारंबीचा बापू' दिला, आणि सुमारें चार दशकांनीं 'गारंबीची राधा' लिहून ते त्याच गारंबीस परतले. मधलीं वर्षें लेखक जगला होता व वाचकही. पुनर्भेटीचें भांडवल तें हेंच.

आपल्याकडे असले खेळ रचण्याचें सामर्थ्य नाहीं असें नव्हे. पुण्याच्या 'नॉडिंग हेड्स गेम्स' ह्या संस्थेचा 'राजी' हा पुराणकालीन भारतावर बेतलेला खेळ २०२० सालींच बाहेर पडला आहे. अशाच कोणीं मरोळ नाक्यासारखी एखादी वस्ती निवडावी. पहिला भाग मेट्रोच्या आधींचा करावा, दुसरा नंतरचा, आणि मधें कोणाचें दुकान गेलें, कोणाचें टिकलें, हें खेळणारास स्वतः हिंडून शोधूं द्यावें. असा खेळ निघाला तर, ह्या वयांत आमचीं बोटें चालत नसलीं तरी, आम्ही भाच्याशेजारीं खुर्ची ओढून बसूं, आणि कोणत्या गल्लींतून जावें तें त्याला सांगूं.